तारेवरून प्रपातापलीकडे

पडणाऱ्या पाण्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडे लक्षपूर्वक पाहिले तर एक मौजेची गोष्ट आढळून येते. प्रथम तो सावधपणे चार हात मागे उभा राहतो. पाण्याचा घोष कानांत भरला, तुषार तोंडावर आले, म्हणजे दोन पावले पुढे सरकतो. आणि मग, कोणी हाक मारून मागे ओढले नाही, तर काठावरच्या ओल्या दगडावर पाय रोवून खाली वाकून पाहू लागतो. पर्वत पाहिला म्हणजे माणसास वर चढावेसे वाटते; धबधबा पाहिला म्हणजे त्याच्या अगदी माथ्यावर जाऊन तळ न्याहाळावासा वाटतो. ही ओढ लहानथोरांत सारखीच असते, आणि तिला नावे ठेवल्याने ती नाहीशी होत नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींस या ओढीची ओळख करून देण्याचे कारण नाही. शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने त्या बाजूस आला आणि समोरच्या कड्यात त्याला लेण्याची कमान दिसली, ही हकीकत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ज्या नालाकृती दरीच्या कड्यात ही लेणी कोरलेली आहेत ती दरी वाघूर नदीने कापून काढलेली आहे; आणि दरीच्या माथ्याशी हीच नदी एकाखाली एक अशा सात उड्या घेत खाली उतरते. त्यांनाच सप्तकुंड म्हणतात. श्रावणात कुंडे भरून वाहू लागली म्हणजे चित्रे पाहावयास आलेली मंडळीही चित्रे सोडून पाण्याकडे वळतात. २०२३ च्या जुलै महिन्यात येथेच एक तरुण काठावर छायाचित्र घेत असता तोल जाऊन कुंडात पडला. दैव बलवत्तर म्हणून तो वाचला. दोराच्या साहाय्याने त्याला वर काढण्यात आले. सर्वांचेच दैव असे नसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली आणि त्यांतील पाच जण प्राणास मुकले.

हीच ओढ पुरी करण्याचा एक नवा प्रकार अलीकडे फार लोकप्रिय झाला आहे. त्यास झिपलाइन म्हणतात. दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत पोलादी तार ताणलेली असते; अलीकडचे टोक किंचित उंच, पलीकडचे किंचित सखल. तारेवर कप्पी बसवलेली, कप्पीस जाड पट्ट्यांनी बांधलेला माणूस. मंचावरून पाय सुटले की मनुष्य आपल्याच वजनाने घरंगळत दरी ओलांडतो, आणि खाली झाडांचे शेंडे, खडक, कोसळणारे पाणी मागे पडत जाते. हिरव्यागार बेटांवर सुटी घालवावयास गेलेल्या मंडळींच्या कार्यक्रमात आता समुद्रस्नानाच्या जोडीला ही तारही असतेच. घरातील तरुण मुले तिचा हट्ट धरतात, आणि वडील मंडळी संभ्रमात पडतात. हे धाडस म्हणावे की अविचार?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तारेच्या उंचीत किंवा धबधब्याच्या खोलीत नाही. सप्तकुंडाच्या ओल्या दगडावर उभा राहणारा आणि तारेला लटकून प्रपातावरून जाणारा, या दोघांच्याही पायांखाली तीच पोकळी असते. भेद एवढाच, की एकाच्या संकटाचे माप कोणीही घेतलेले नाही. दुसऱ्याच्या संकटाचे माप आधी कोणीतरी घेऊन ठेवलेले आहे, निदान घेतलेले असले पाहिजे. हा ‘कोणीतरी’ कोण, आणि तो काय करतो, हे समजून घेतले तर तारेची मौजही अधिक कळते आणि तिचे भयही योग्य त्या जागी राहते.

प्रथम तारेचाच विचार करू. कपडे वाळत घालण्याची दोरी सर्वांच्या घरी असते. ती कितीही ओढून बांधली तरी ओले धोतर टाकताच मध्ये झोळ पडतो. हा झोळ मुळीच राहू नये म्हणून एखाद्याने दोरी आणखी ताणली, तर दोरी सरळ होण्याऐवजी भिंतीतला खिळाच उपटून येतो. याचे कारण यंत्रशास्त्रातील एका साध्या नियमात आहे. टांगलेले वजन वर उचलून धरण्याचे काम दोरीच्या तिरपेपणाने होते. दोरी जितकी आडवी, तितका तेच वजन पेलण्यास ताण अधिक लागतो. समजा, १०० मीटर लांबीच्या तारेच्या बरोबर मध्यावर ८० किलो वजनाचा मनुष्य आहे. तारेस ५ मीटर झोळ असेल, तर तिचे स्वतःचे वजन सोडून दिले तरी प्रत्येक टोकास सुमारे ४०० किलोंचा ताण बसतो. झोळ २ मीटरच ठेवला, तर तोच ताण सुमारे १००० किलोंवर जातो. मनुष्य तोच, दरी तीच. केवळ तार अधिक ताठ केल्याने खांबावरील ओझे अडीचपट झाले. म्हणून जाणता कारागीर तार सैल दिसली तरी तिचा झोळ हिशेबाने राखतो, आणि पाहणाऱ्यास ज्याची भीती वाटते तो झोळच वस्तुतः प्रवाशाचा रक्षक असतो.

वेगाचेही तसेच. तारेच्या दोन टोकांत २० मीटर उंचीचा फरक असेल आणि वारा व घर्षण यांचा अडथळा नसेल, तर पलीकडच्या टोकास पोचताना माणसाचा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर होईल. हा वेग वजनावर अवलंबून नाही, असे पुस्तकात शिकवितात, आणि ते पोकळीपुरते खरे आहे. परंतु तारेवरचा मनुष्य हवेतून जातो. हवेच्या विरोधाने हलक्या देहाचा वेग लवकर मंदावतो, जड देहाचा त्या मानाने कमी मंदावतो. परिणामी जड मनुष्य टोकाशी जोराने येऊन आदळण्याचा संभव, आणि हलके मूल अर्ध्या वाटेत दरीवर थांबून राहण्याचा संभव. म्हणूनच व्यवस्थित जागी प्रवाशाचे वजन विचारतात, आणि फार जड व फार हलका या दोघांनाही नम्रपणे परत पाठवितात. एखादे मूल मध्येच अडकलेच, तर सेवक स्वतः तारेवरून जाऊन त्यास हाताने ओढीत आणतो. तारेच्या शेवटी वेग मारण्यासाठी स्प्रिंगा, दोर किंवा ठोकळे असतात. शिवाय झोळामुळे शेवटचा टप्पा किंचित चढाचा होतो आणि चढावर वेग आपोआप मंदावतो.

दोरावरून दरी ओलांडणे ही कल्पना मात्र आजकालची नव्हे. हिमालयाच्या खोऱ्यांत पूल नव्हते तेव्हा गवताच्या जाड दोरावर लाकडी खाच अडकवून माणसे व सामान नदीपार जात असत. त्याच पहाडी मुलुखात, हिमाचल प्रदेशात, भुंडा नावाचा एक यज्ञोत्सव आहे. त्यात बेडा जातीचा एक पुरुष उंच कड्यापासून खालपर्यंत बांधलेल्या लांबच लांब दोरावरून घसरत येतो. २०२५ च्या जानेवारीत शिमला जिल्ह्याच्या रोहडू भागात हा उत्सव झाला तेव्हा हजारो लोक तो पाहण्यास लोटले होते. या प्रथेतील एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुंज गवताचा तो दोर बेडा स्वतः व्रतस्थ राहून वळतो. ज्या हातांनी दोर वळला त्याच हातांचा देह त्या दोरावर बसतो. त्यामुळे दोराच्या एकाही पेडात हयगय होणे शक्य नसते. आधुनिक झिपलाइनची वंशावळ निराळी आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशाच्या दाट पर्जन्यवनांत, झाडांच्या शेंड्यांवर राहणाऱ्या जीवसृष्टीचा अभ्यास करता यावा म्हणून १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दोरांची योजना केली. पुढे तेथेच तिचे करमणुकीत रूपांतर झाले आणि ती जगभर पसरली. भारतात राजस्थानातील नीमराणा किल्ल्यावर २००९ मध्ये अशी तार सुरू झाली. या करमणुकीत दोर करणारा एक आणि दोरावर बसणारा दुसरा असतो. बसणाऱ्यास दोर करणाराचे नावही ठाऊक नसते. बेड्यास जी खात्री आपोआप होती ती येथे विचारून करून घ्यावी लागते.

ती करून न घेतल्यास काय होते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका करमणुकीच्या जागी तारेच्या मंचावरूनच खाली पडून एका तरुण स्त्रीचा अंत झाला. २०२५ च्या जून महिन्यात मनालीकडे सहलीस गेलेल्या महाराष्ट्रातील एका कुटुंबातील मुलगी तारेवरून खाली कोसळून जबर जखमी झाली. या दोन्ही प्रसंगी पोलादी तार शाबूत होती. तार तुटून अपघात होणे विरळाच. अपघात होतो तो पट्ट्यात, कडीत, मंचाच्या कठड्यात, आणि ‘एवढ्याने काय होते’ या शब्दांत.

आता या तारेवर बसण्यासाठी आपल्याकडील मंडळी ज्या बेटांवर जातात, त्यांपैकी एकाकडे वळू. ते बेट म्हणजे मॉरिशस. मुंबईहून विमानाने सुमारे सहा तासांत हिंदी महासागरातील या चिमुकल्या देशात पोचता येते. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ २००० चौरस किलोमीटरहून किंचितच कमी. म्हणजे आपला एक जिल्हा त्याहून कितीतरी मोठा. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असतात तेव्हा तेथे हिवाळा, आणि तेथील पावसाळा व वादळे बहुधा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. दक्षिणेकडे शामुनी येथील एका उद्यानात दरीवरून, प्रपातांवरून जाणाऱ्या अनेक तारा आहेत. त्यांतील सर्वांत लांब तार सुमारे दीड किलोमीटरची आहे. पश्चिमेस कास्कावेल येथे कासेला नावाचे मोठे प्राणिउद्यान आहे. तेथेही तारांची व झुलत्या पुलाची सोय आहे. आणि बेटाच्या मध्यभागी तामारिन नदीचा प्रसिद्ध प्रपात आहे. तेथे साहसी मंडळी दोरास धरून, कोसळत्या पाण्याच्या अंगानेच कडा उतरतात. तामारिनचा हा प्रपात एका उडीचा नव्हे. नदी एकाखाली एक अशा सात उड्या घेते, म्हणून तेथील फ्रेंच बोलणारे लोक त्यास सेत कास्काद, म्हणजे सात प्रपात, असे म्हणतात.

सप्तकुंड आणि सेत कास्काद! नावांचे हे साम्य योगायोगाचे आहे. पण त्यामागे खडकांचे जे साम्य आहे ते योगायोगाचे नव्हे. अजिंठा आणि वेरूळ ज्या काळ्या खडकात कोरले गेले तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा झाला आहे. त्या काळी भारतखंड आजच्या जागी नव्हते. ते दक्षिणेकडे होते आणि हळूहळू उत्तरेस सरकत होते. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून तो लाव्हारस वर आला, ते स्थान भारत पुढे निघून गेल्यावरही मागे समुद्रातळी धुमसतच राहिले, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञांचे मत आहे. त्याच स्थानाने पुढे, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, समुद्रातून मॉरिशस वर काढले. आणि आज त्याच्या शेजारच्या रेयुनियाँ बेटावरील ज्वालामुखी जागता आहे तोही त्याच अग्नीचा. म्हणजे सप्तकुंडाचा कातळ आणि तामारिनचा कातळ यांची जननी एक. एक वडील, एक धाकटा. संभाजीनगरचा मनुष्य त्या बेटावर तारेवरून जाताना ज्या काळ्याशार कड्यावर पाणी फुटताना पाहतो, तो कडा त्याच्या घरच्याच नात्यातला असतो.

खडकांचे नाते झाले. माणसांचे नाते याहून जवळचे आहे. तामारिनच्या प्रपाताकडे जाणारी पायवाट ज्या गावापासून सुरू होते त्याचे नाव हेन्रिएटा. मॉरिशसमधील पहिला गणेशोत्सव १८९६ साली याच हेन्रिएटा गावी भिवाजी नावाच्या मराठी घराण्यात झाला, अशी तेथील मराठी समाजाची नोंद आहे. आणि प्राणिउद्यानाचे कास्कावेल गावही मराठी वस्तीसाठी ओळखले जाते. ज्या दोन ठिकाणी प्रवासी आज दोराशी खेळावयास जातो, तेथेच सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मराठी घरे नांदत आहेत. ही घरे तेथे सुटीसाठी गेलेली नव्हती.

१८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा अमलात येऊ लागला. उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजुरांची तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. करार ५ वर्षांचा, पुरुषास दरमहा ५ रुपये, वर धान्य व कपडे. येथून जो ओघ सुरू झाला तो पुढील सुमारे ७५ वर्षे चालला; या काळात जवळजवळ ५ लाख मजूर त्या बंदरातून गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतले मराठी लोक होते. करार म्हणजे इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’; मजुरांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि ते स्वतः गिरमिटिये झाले. कागदावर काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई, हे त्यांना मळ्यावर गेल्यावर कळे.

तारेवर चढण्यापूर्वी प्रवाशापुढेही एक कागद ठेवितात. त्यात लिहिलेले असते की, मी माझ्या जबाबदारीवर जात आहे, इजा झाल्यास चालकांस दोष देणार नाही, इत्यादी. मंडळी हसत हसत, न वाचता, त्यावर सही करतात. गिरमिटियाचा अंगठा आणि प्रवाशाची सही यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे उघड आहे. एकाच्या मागे भूक होती, दुसऱ्याच्या मागे हौस आहे. एकास माघारी फिरण्याची मुभा नव्हती, दुसरा अखेरच्या क्षणीही मंचावरून मागे येऊ शकतो. परंतु वाचता येत असून न वाचणे हे मात्र समजण्याजोगे नाही. ज्यांच्या पूर्वजांना न वाचलेल्या कागदाची किंमत सबंध आयुष्याने मोजावी लागली, त्यांच्या भूमीवर तरी आपण कागद वाचून सही करावी.

उसाच्या मळ्यांतून जाताना प्रवाशाचे लक्ष आणखी एका वस्तूकडे जाते. हिरव्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. काही तर लहानशा मनोऱ्याएवढे. प्रथम वाटते, जुनी देवळे असावीत. वस्तुतः हे ज्वालामुखीचे दगड आहेत. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी आधी गुलामांनी आणि मग गिरमिटियांनी ते हातांनी उचलून, डोक्यावरून वाहून एका जागी रचले. दगडाखाली सोने सापडते असे सांगून लोकांना भरती केले होते, अशी आठवण त्या बेटावरील हिंदी घराघरांतून सांगितली जाते. सोने सापडले नाही. पण दगड हलले, ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर सबंध देश उभा राहिला. आज हिरव्या दऱ्या, स्वच्छ रस्ते व उद्याने असलेले जे सुंदर बेट दिसते, ते केवळ निसर्गाने दिलेले नाही. त्याच्या एकेका बिघ्याला या हातांचा स्पर्श आहे.

आणि हे लोक केवळ राबलेच, असेही नाही. महात्मा गांधी १९०१ साली आफ्रिकेतून स्वदेशी येताना मॉरिशसला काही आठवडे थांबले होते. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कार्यात भाग घ्या, हा त्यांचा उपदेश तेथील हिंदी समाजाने मनावर घेतला. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. आज तेथे गणेशचतुर्थी ही सार्वजनिक सुटी आहे, आणि २ नोव्हेंबर हा मजुरांच्या आगमनाचा दिवसही. शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे. घरोघरची बोली आता क्रिओल झाली असली तरी गणपतीपुढे झाकरी घुमते. कोकणातील जाखडीशी तिचे नाते ज्याने जाखडी पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. फेर धरून, एका तालात पाय टाकीत गाणारी ती माणसे पाहिली म्हणजे समुद्राची रुंदी क्षणभर विसरावयास होते.

तेव्हा, श्रोतेहो, बेटावर जाऊन तारेवर बसू नये, असे मुळीच नाही. अवश्य बसावे. मनुष्याला उंचीचे भय असते तसेच उंचीचे वेडही असते. आणि भयास ओळखून, त्याचा हिशेब करून, एक पाऊल पुढे टाकणे यात तरुण मनाचे शिक्षणच आहे. मात्र मंचावर चढण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः विचाराव्यात. पट्टा तारेशी एकाच ठिकाणी अडकवला आहे की, एक कडी सुटली तरी दुसरी धरून ठेवील अशी दुहेरी योजना आहे? आपले व मुलांचे वजन कोणी विचारले काय? आणि वारा सुटला, वीज चमकली, तर तार बंद ठेवतात काय? या प्रश्नांनी सेवकास समाधान वाटले आणि त्याने कडी हातात घेऊन दाखविली, तर निर्धास्तपणे पाय सोडावेत. तो त्रासला, घाई करू लागला, तर पैसे बुडाले तरी चालतील, पण खाली उतरावे. मुलांसमक्ष असे उतरून येण्यास तारेवर चढण्यापेक्षा अधिक धैर्य लागते.

हाच विचार आपल्या घरच्या पाण्यासही लागू आहे. अजिंठ्याच्या कड्यावर तार ताणावी, असे कोणी सुचविल्यास त्याला नम्रपणे नकार द्यावा; १९८३ पासून जागतिक वारसा म्हणून गणलेल्या त्या दरीस शांतता हेच भूषण आहे. परंतु सप्तकुंडाच्या आणि वेरूळच्या सीतेच्या न्हाणीच्या काठी पावसाळ्यात पक्का कठडा, इशारा देणारा माणूस आणि हाताशी एक लांब दोर एवढे असलेच पाहिजे, अशी मागणी करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. आणि कठडा होईपर्यंत घरातील कर्त्या माणसाने स्वतःच कठडा व्हावे. छायाचित्रासाठी काठाकडे सरकणाऱ्या मुलाचा हात धरण्यात कसलाही भित्रेपणा नाही.

मॉरिशसला जाणाऱ्यांनी आणखी एक करावे. तारेवरून दरी ओलांडण्यास मिनिट-दोन मिनिटे लागतात. उरलेल्या वेळातून अर्धा दिवस काढून राजधानी पोर्ट लुई येथे जावे. बंदरालगत आप्रवासी घाट नावाची एक जागा आहे. २००६ मध्ये ती जागतिक वारशात समाविष्ट झाली. जहाजातून उतरलेल्या मजुरांना येथेच आणून ठेवीत, त्यांची नोंद करीत आणि प्रत्येकास एक क्रमांक देत. त्या नोंदवह्या आणि मजुरांची छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेविली आहेत, आणि आपल्या पणजोबाचे गाव कोणते हे शोधण्यास आजही माणसे तेथे येतात. घाटावर दगडी पायऱ्या आहेत, अवघ्या सोळा. त्या चढावयास एक मिनिटही लागत नाही. तेथे पट्टा नाही, कप्पी नाही, खाली प्रपातही नाही. तरीही त्या पायऱ्या मुलाबाळांना बरोबर घेऊन, सावकाश, एकेक करून चढाव्यात.